व्यासपीठावरची पोथी

आमच्या गावात सप्ताह बसला की सात दिवस गावाला दुसरा उद्योग सुचत नाही. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथाभजन, दिवस मावळता हरिपाठ आणि रात्री कीर्तन. बीड जिल्ह्यातले लहानसे गाव. पण पारायणाला शंभर-सव्वाशे माणसे मांडी घालून ओळीने बसतात. प्रत्येकापुढे ज्याची त्याची पोथी असते आणि समोर उंच चौरंगावर गावाची पोथी असते. तिच्यापुढे बसणाऱ्याला आमच्याकडे व्यासपीठचालक म्हणतात. त्याने ओवी उचलायची आणि बाकीच्यांनी तिला आपला आवाज द्यायचा. शंभर कंठ एक झाले म्हणजे मारुतीच्या देवळाचा सभामंडप मृदंगासारखा घुमू लागतो.

मी सहावीत होतो तेव्हाची गोष्ट. पारायणाच्या दुसऱ्याच दिवशी हा घुमणारा आवाज मध्येच फाटला. एका ओवीत डावीकडच्या ओळींनी एक शब्द म्हटला, उजवीकडच्यांनी दुसरा. चार ओव्या सुरळीत गेल्या आणि पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तर दोन्हीकडच्यांनी आपापला शब्द मुद्दाम चढ्या आवाजात म्हटला. चालकबुवांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले. वाचन थांबले, भांडण मात्र तिथूनच सुरू झाले.

कारण साधे होते. गावात आळ्या दोन, वरची आणि खालची. दोन्हीकडचे लोक वारकरीच, पण पंढरीची वाट दोघांची दोन वेगळ्या फडांबरोबर. वरच्या आळीच्या पोथ्या सांप्रदायिक छापाच्या, साखरे महाराजांच्या परंपरेतल्या. खालच्या आळीत कोणीतरी पूर्वी सरकारने छापलेली प्रत आणली होती आणि पुढे तिकडे तीच रुळली होती. दोन छापांत कुठे शब्द वेगळा, कुठे प्रत्यय वेगळा, तर कुठे एखादी ओवी एकीत आहे आणि दुसरीत नाही. इतकी वर्षे हे कोणाच्या कानाला खटकले नव्हते, कारण इतकी वर्षे कोणाला भांडायचे नव्हते. त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक नुकतीच होऊन गेली होती, एवढे सांगितले म्हणजे जाणत्या वाचकांना पुरे.

मग प्रश्न निघाला की चौरंगावरची पोथी कोणत्या छापाची असावी. आणि त्याच्या पाठोपाठ खरा प्रश्न निघाला, की सप्ताह उठल्यावर वर्षभर ती कोणाच्या देवळात राहावी. पोथी सगळ्या गावाची, वर्गणी काढून घेतलेली. पण वस्तू ज्याच्या कोनाड्यात, मान त्याचा, हे खेड्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

आमच्या शाळेतले एक वयस्क गुरुजी या वादात पडले. ते म्हणाले, “दोन्ही आळ्यांची पोरं एकाच फळ्यावर शिकतात. पोथी शाळेच्या कपाटात राहू द्या. सप्ताहाला दोन्हीकडच्या माणसांनी मिळून न्यायची आणि मिळून परत आणायची.” हे सर्वांना पटले. पटले म्हणजे काय, नाही म्हणायला कोणाला तोंड उरले नाही. गुरुजी एवढ्यावर थांबले नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी वरच्या आळीतला एक मुलगा आणि खालच्या आळीतला मी, अशा दोघांना आपल्या ओसरीवर बसवले, दोन्ही छाप शेजारी शेजारी ठेवले, आणि जिथे फरक दिसेल तिथे तो वहीत उतरवायला लावले. तीन वह्या झाल्या. एक वरच्या आळीला, एक खालच्या आळीला आणि एक पोथीबरोबर शाळेत.

मी पुढे शाळामास्तर झालो, चार कादंबऱ्या लिहिल्या. संशोधक काही झालो नाही. कॉलेजची पायरी माझ्या नशिबी नव्हती. परंतु त्या ओसरीवर गुरुजींनी पोथ्यांची जी कथा सांगायला घेतली ती माझ्या डोक्यातून गेली नाही. जमेल तिथून वाचत आणि पडताळत मी तिचा माग घेत राहिलो. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो आहे ती हीच कथा. प्रश्न गावातलाच आहे: जी वस्तू सगळ्यांची आहे, पण जिचे धनी एकमेकांचे नाहीत, ती ठेवायची कुठे?

ज्ञानेश्वरी लिहिली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला. सांगणारे ज्ञानदेव आणि उतरून घेणारे सच्चिदानंदबाबा. ज्ञानदेवांचे घराणे आपेगावचे. आमच्या गेवराई तालुक्यातून गोदावरी ओलांडली की पैलतीराचा तो मुलूख. समाधी आळंदीला. म्हणजे ग्रंथाचे गाव एक, घराण्याचे दुसरे आणि समाधीचे तिसरे. जन्म आपेगावचा की आळंदीचा, यावरही विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. पण ग्रंथ मात्र यांपैकी एकाही गावाचा झाला नाही. मूळ प्रत अमुक मठात आहे, वाचायची असेल त्याने तिथे यावे आणि मठाधिपतींची परवानगी घ्यावी, असा प्रकार घडला नाही. ज्याला हवी त्याने बसून उतरून घ्यावी आणि आपल्या गावी न्यावी, ही रीत पडली.

या रीतीत एक मोठे सुख आहे आणि एक मोठे दुःख. सुख हे की ग्रंथ बुडत नाही. एका गावाला आग लागली तरी दुसऱ्या गावात तो असतोच. दुःख हे की तो तसाच्या तसा राहत नाही. उतरून घेणारा माणूसच असतो. त्याला डुलकी येते, एक ओळ दोनदा पडते, एक गळते. जुना शब्द कळला नाही की तो आपल्या काळचा शब्द घालतो. तो फार भाविक असला तर आणखीच पंचाईत. कारण मग त्याला स्वतःलाच एखादी ओवी सुचते आणि ती ग्रंथात बसवण्याचा मोह आवरत नाही. असे जवळजवळ तीनशे वर्षे चालले.

मग पैठणचे एकनाथ महाराज या कामाला बसले. शके १५०६, म्हणजे १५८४ साल. आळंदीला समाधीभोवती अजानवृक्षाची मुळी लागल्याचा दृष्टान्त त्यांना झाला, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. ती बाजूला ठेवली तरी जे केले ते केवढे मोठे! त्यांनी पाठ ताडून पाहिले, अशुद्ध काढले आणि ग्रंथ स्वच्छ केला. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती पाळतो, ती या शुद्धीकरणाची आठवण.

मला या कामातल्या दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. पहिली ही की त्यांनी आपले नाव, शक आणि केलेले काम ग्रंथाच्या शेवटी लिहून ठेवले. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतराने तो बिघडला होता आणि तो आपण नीट केला, हे त्यांनी उघड सांगितले. आणि पुढे यात कोणी आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल, अशी तंबीही दिली. दुसरी गोष्ट अशी की हे सर्व करून त्यांनी प्रत आपल्या वाड्यात कुलूप लावून ठेवली नाही. तिच्या नकला पुन्हा गावोगाव गेल्या. पैठण हे त्या ग्रंथाचे धुण्याचे घाट झाले, तिजोरी झाले नाही. मात्र एक उणीव राहिली. नाथांनी काय काढले आणि कशाच्या जागी काय घातले, याची यादी आपल्यापर्यंत आलेली नाही. नाथांवर विश्वास आहे म्हणून चालले. दुसरा कोणी असता तर?

याच गोदावरीच्या काठी, आमच्या गेवराई तालुक्यात पांचाळेश्वर आहे. आत्मतीर्थ म्हणून महानुभाव पंथाला ते पूज्य. या पंथाने आपले ग्रंथ सांभाळण्याची तऱ्हा अगदी निराळी ठेवली. म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा जमवून लीळाचरित्र सिद्ध केले. पण चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत ती मूळ पोथी हरपली. मग हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, आणि आठवणारी माणसे अनेक म्हणून पाठही अनेक झाले. पुढे पंथात आम्नाय वेगळे झाले, तेव्हा ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून ते सांकेतिक लिपीत लिहिले जाऊ लागले. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्या लिप्यांची नावे. किल्ली ज्याच्याजवळ त्यालाच दार उघडणार. या बंदोबस्ताने ग्रंथ वाचले, हे कबूल केले पाहिजे. महाराष्ट्रातून पंजाब-काबूलपर्यंत गेलेल्या मठांतही ते जपले गेले. पण बाकीच्या मराठी माणसांना आपल्या भाषेतला हा पहिला गद्य खजिना पाहायला विसावे शतक उजाडावे लागले.

आता नदीकाठ सोडून अंबाजोगाईला येऊ. तिथे दोन कवींची दोन उदाहरणे आहेत. मुकुंदराजांचा विवेकसिंधु परंपरेने शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा. त्यांची समाधी अंबाजोगाईच्या डोंगरात आहे असे आम्ही म्हणतो. वैनगंगेच्या काठचे आंभोरा म्हणते की मुकुंदराज आमचे. दोन्ही गावांत भाविक आहेत, दोन्हीकडे पुरावे काढणारे विद्वान आहेत. वाद चालू राहील. पण विवेकसिंधु दोन्ही गावांत सारखाच वाचला जातो, म्हणून वादाने ग्रंथाचे काही बिघडत नाही. दुसरे उदाहरण दासोपंतांच्या पासोडीचे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिले आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातली ही वस्तू अंबाजोगाईत जपली गेली, हे भाग्य. पण ती एकच आहे. तिला कसर लागली, शाई उडाली, तर जगात दुसरी पासोडी नाही. जी वस्तू एकाच जागी आहे तिचा सगळा जीव त्या जागेत.

गुरुजी ओसरीवर ही कथा सांगत सांगत बीडपर्यंत आले, की त्यांचा आवाज बदलत असे.

बीड शहरात बिंदुसरेच्या परिसरात पाटांगण म्हणून जुने मठाचे स्थान आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे जुनी कागदपत्रे शोधत गावोगाव हिंडत असत. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला होता आणि पुढे असे बावीस खंड झाले. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या पाटांगणावर राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. तिची मराठी त्यांना सांप्रदायिक पोथ्यांपेक्षा पुष्कळ जुनी वाटली. ही पोथी एकनाथांच्या शुद्धीकरणापूर्वीची आहे, असे मत त्यांनी मांडले. १९०९ साली ती छापून काढली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरणही लिहिले. महानुभावांच्या सकळ लिपीचे कुलूप उघडणारेही हेच राजवाडे. एकाच माणसाने एकीकडे मिटलेला ग्रंथ उघडला आणि दुसरीकडे उघड्या ग्रंथाचा जुना पाठ पुढे आणला, हा योगायोग लहान नाही.

छापील ज्ञानेश्वरी मराठीला नवी नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ सालीच ती शिळाछापावर आणली होती. पण बीडच्या पोथीने खळबळ उडवली. वारकऱ्यांना वाटले, नाथांच्या हातून शुद्ध झालेल्या ग्रंथाला हा कोण नवा प्रतिस्पर्धी? विद्वानांत दोन तट पडले. कोणी म्हणाले, भाषा जुनी आहे, पोथी अस्सल आहे. कोणी म्हणाले, राजवाडे म्हणतात तितकी ती जुनी नाही. असे वाद मिटवायचा मार्ग एकच असतो: मूळ पोथी पुढे मांडायची, कागद पाहायचा, शाई पाहायची, अक्षराचे वळण पाहायचे. आणि नेमकी ती मूळ पोथी आज अभ्यासकांच्या हाती नाही. आहे ते राजवाड्यांनी छापलेले पुस्तक. १९६० साली सरकारने ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली ती मुख्यतः राजवाड्यांच्या संहितेवरून. तीच आमच्या खालच्या आळीत आलेली. म्हणजे आमच्या गावात जे दोन आवाज भांडले, त्यांतला एक पैठणहून आला होता आणि दुसरा बीडहून. बीडचा आवाज मुंबईला जाऊन, छापखान्यातून, सरकारी पुस्तक होऊन आमच्या जिल्ह्यात परत आला होता!

लहानपणी मला राजवाड्यांचा राग येई. आमच्या जिल्ह्याची पोथी नेली ती नेलीच! आज तसे वाटत नाही. पोथी पाटांगणावरच राहिली असती तर राहिली असती का, हे कोणी सांगावे? राजवाड्यांनी छापली म्हणून निदान तिचा शब्द न् शब्द महाराष्ट्रभर पोहोचला. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पुढे पुण्यात पटेना म्हणून ते धुळ्याला गेले आणि १९२६ च्या डिसेंबरात तिथेच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. इतक्या थोर माणसालाही आपले कागद कोणत्या गावी, कोणाच्या छपराखाली ठेवावेत हा प्रश्न जन्मभर सुटला नाही. मला खंत आहे ती एवढीच: पोथी बीडहून हलण्यापूर्वी तिची एक अक्षरशः नक्कल करून ती पाटांगणावर ठेवली असती, तर आज वाद मिटवायला काहीतरी हाताशी असते.

ही कथा मी गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याला सांगत होतो. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. करंजी खाता खाता तो हसला आणि म्हणाला, “मामा, तुमच्या दोन आळ्यांसारखंच आमच्यातही झालं होतं.”

त्याने सांगितले ते मला समजले तसे सांगतो. संगणकाला चालवणारी एक व्यवस्था आहे, तिचे नाव लिनक्स. लायनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली आणि ती कोणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, सुधारावी, अशी मोकळी ठेवली. ज्ञानेश्वरी उतरून न्यावी, तसेच. पुढे या व्यवस्थेला पडद्यावरचे चेहरेपट्टीचे रूप द्यायला दोन मंडळ्या निघाल्या. १९९६ साली जर्मनीत केडीई आणि १९९७ साली मेक्सिकोच्या तरुणांनी काढलेली ग्नोम. भांडणाचे मूळ असे की केडीईचा एक पाया एका कंपनीच्या मालकीचा होता आणि तो तेव्हा पुरता मोकळा नव्हता. दोन्ही मंडळ्यांत जिद्दीची माणसे. पण वापरणाऱ्याची पंचाईत होऊ लागली. एका मंडळीच्या कामातून उचललेला मजकूर दुसऱ्या मंडळीच्या कामात नीट उतरेना. काही गोष्टी सामाईक असल्याच पाहिजेत हे दोघांनाही कळत होते. पण त्या ठेवायच्या कोणाच्या घरात? एकाच्या घरात ठेवल्या की दुसरा म्हणणार, हे तुमचे, आम्हाला नको.

तेव्हा २००० साली ग्नोमच्या बाजूच्याच हॅवॉक पेनिंग्टन नावाच्या माणसाने फ्रीडेस्कटॉप या नावाची एक तिसरी जागा काढली. ती कोणाचीच नव्हे, म्हणून दोघांची. त्या जागेत डी-बस नावाची एक निरोप्या व्यवस्था तयार झाली. तिचा आराखडा बराचसा केडीईच्या जुन्या युक्तीवरून घेतलेला, आणि पुढे केडीईने आपली जुनी युक्ती सोडून हीच स्वीकारली. “म्हणजे खालच्या आळीची कल्पना, वरच्या आळीचा हात, आणि ठेवली शाळेत,” मी म्हणालो. भाच्याने मान डोलावली.

“पण मामा,” तो म्हणाला, “जागा कोणाचीच नसली तरी भाडं कोणीतरी भरत असतंच.” त्या तटस्थ घराची यंत्रे एका मोठ्या कंपनीने फुकट वापरायला दिली होती. कंपनीने तो धंदाच बंद करायचे ठरवले आणि २०२५ साली सगळे बिऱ्हाड दुसरीकडे हलवावे लागले. मी विचारले, मग बुडाले का काही? तो म्हणाला, बुडेल कसे? टोरवाल्ड्सला स्वतःलाच असा एक चटका पूर्वी बसला होता. लिनक्सचे काम ज्या साधनात ठेवले होते त्याचा फुकट वापर एका कंपनीने काढून घेतला, तेव्हा २००५ साली त्याने गिट नावाचे नवे साधन केले. त्याची खुबी ही, की जो प्रत नेतो त्याच्याकडे नुसती आजची प्रत जात नाही. कोणी, केव्हा, काय बदलले याची पहिल्या दिवसापासूनची सगळी नोंद जाते. मध्यवर्ती जागा मोडली तरी कोणाच्याही घरातून ती पुन्हा उभी करता येते.

हे ऐकून मी उठलो, माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली आणि भाच्याच्या हातात माझी जुनी वही ठेवली. कारण आमच्या गावच्या पोथीची अर्धी कथा अजून सांगायची राहिली आहे.

पोथी शाळेच्या कपाटात सहा वर्षे सुखाने नांदली. मग गुरुजी निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. कपाटाची किल्ली एकाकडून दुसऱ्याकडे गेली. कपाट उघडायचे वर्षातून एकदा, सप्ताहाला. त्या वर्षी श्रावणात पाऊस लागून राहिला, खोलीची भिंत ओलावली, आणि आम्ही पोथी आणायला गेलो तेव्हा लाल कापडाच्या आत पोथीऐवजी वाळवीचे वारूळ होते. तिसरी वहीही गेली. दोष कोणाला द्यावा? वस्तू सगळ्यांची होती, म्हणून राखण कोणाचीच नव्हती.

दुसरी पोथी घेणे अवघड नव्हते. वर्गणी दोन दिवसांत जमली. पण कुठे काय म्हणायचे याची ठरलेली यादी? दोन्ही आळ्यांतल्या वह्या काढल्या गेल्या आणि शाळेच्या ओसरीवर शेजारी शेजारी ठेवल्या. आमच्या दोघांच्या वह्या ताडून पाहायला आम्हीच बसलो. तेव्हा मी कॉलेजऐवजी शेतात होतो आणि तो एस.टी.त नोकरीला लागायच्या खटपटीत. ताडता ताडता एके ठिकाणी तो थांबला. त्याच्या वहीत एका शब्दात घ होता आणि माझ्या वहीत ध. छाप काढून पाहिला तर घ बरोबर. माझी पेन्सिल घाईत वळली होती, एवढेच. परंतु माझ्या वहीवरून खालच्या आळीने आपापल्या पोथ्यांत शाईने दुरुस्ती केलेली होती आणि पाच-सहा वर्षे चांगली पन्नास माणसे माझी चूक मोठ्या भक्तिभावाने म्हणत आली होती! ज्या अपराधाबद्दल नाथ महाराजांनी तंबी दिली, तो माझ्या हातून सहावीतच घडून गेला होता.

वरच्या आळीतला तो मित्र यावर गावभर हसवू शकला असता. त्याने तसे केले नाही. खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, “तूच दुरुस्त कर. वही तुझी आहे.” मी दुरुस्ती केली आणि बाजूला तारीख घातली. ती तारीख भाच्याने बोट ठेवून वाचली आणि कितीतरी वेळ वही मिटली नाही.

त्या दिवशी मला जे कळले ते असे. सामाईक वस्तू तटस्थ जागी ठेवावी, हे गुरुजींचे म्हणणे खरेच. कारण पहिले भांडण मिटायला तेवढी जागा लागते. पण नुसती तटस्थ जागा पुरत नाही. तिलाही वाळवी लागते, तिचेही भाडे कोणीतरी भरत असते, तिचीही किल्ली एका माणसाच्या कनवटीला असते. ग्रंथ टिकतो तो दोन्ही घरांत त्याची प्रत असते आणि बदल कोणी केला हे दोन्हीकडे लिहिलेले असते म्हणून. आणि ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्या घरातली प्रत तर सर्वांत मोलाची. आपल्या आळीतल्या सगळ्या वह्या माझ्याच वहीवरून उतरल्या असत्या तर माझी चूक कधी सापडलीच नसती. बीडच्या पोथीला अशी दुसऱ्या आळीतली वही मिळाली नाही. तिचे दुर्दैव एवढेच.

मध्यंतरी आमच्या जिल्ह्यात असेही दिवस आले, की समोरचा माणूस कोणत्या बाजूचा हे पाहून राम राम घालायचा की नाही ते ठरू लागले. आमचे गावही त्यातून सुटले नाही. त्या वर्षी सप्ताह दोन ठिकाणी वेगवेगळा बसवावा, अशी भाषा दोन्ही आळ्यांत झाली. मग कोणीतरी विचारले, वह्या ताडायच्या कोणी? कारण आता दर वर्षी सप्ताहापूर्वी दोन्हीकडची दोन माणसे शाळेच्या ओसरीवर बसून वह्या ताडून पाहतात, अशी रीतच पडली आहे. आपली वही आपल्यालाच ताडता येत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. दोन दिवस कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वरच्या आळीतला माझा मित्र वही काखेत धरून शाळेकडे जाताना दिसला, आणि मी पेटीतून माझी वही काढली.

सप्ताह एकाच मांडवात झाला. दोन-तीन ठिकाणी आवाज अजूनही फाटतो. त्या जागी काय म्हणायचे याचा निकाल लागलेला नाही. चालकबुवा तिथे क्षणभर थांबतात, दोन्हीकडच्यांना आपापला शब्द म्हणू देतात आणि मग पुढची ओवी उचलतात.